ब्रुकसाइड : शहराच्या मालकीचे गोल्फ मैदान

कॅलिफोर्नियातील पॅसाडीना शहराच्या उत्तरेला सॅन गॅब्रिएल पर्वताची रांग पूर्व-पश्चिम आडवी पसरली आहे. सकाळचे तिरके ऊन तिच्या उतारांवर पडते, तेव्हा एकेक घळ आणि एकेक सोंड सुटी होऊन दिसते. माथ्यावर जे मनोरे दिसतात, ते माउंट विल्सनवरचे. त्याच शिखरावर 1904 मध्ये प्रसिद्ध वेधशाळा स्थापन झाली. खाली आरोयो सेको या ओढ्याच्या खोऱ्यात ब्रुकसाइडचे गोल्फ मैदान आहे. येथे प्रत्येकी 18 होलचे, म्हणजे चेंडू घालायच्या 18 खळग्यांचे, दोन कोर्स आहेत आणि ते कोणा क्लबचे नसून पॅसाडीना शहराच्या मालकीचे आहेत. सभासदत्व लागत नाही, शिफारसही लागत नाही; शुल्क भरून वेळ ठरवली की कोणीही खेळू शकतो. गोल्फ हा केवळ श्रीमंतांचा खेळ असे ठामपणे सांगणाऱ्यांनी हे मैदान एकदा पाहावे.

या मैदानाचा आराखडा गोल्फ मैदानांचे रचनाकार विल्यम पी. बेल यांचा. खेळ सुरू होण्याआधी येथे बरेच काम उरकलेले असते. ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरचे, गवत जेमतेम तीन-चार मिलिमीटर राहील इतके बारीक कापावे लागते, आणि त्यासाठी फिरत्या दंडगोलावर पाती बसवलेले यंत्र वापरतात. त्यानंतर होलची जागा बदलली जाते, कारण एकाच जागेभोवती पावले पडत राहिली तर तिथले गवत मरते. 108 मिलिमीटर व्यासाचे नवे होल पाडताना मातीचा जो गोल तुकडा निघतो, त्यानेच जुने होल बुजवले जाते. जोड ओळखू येऊ नये, यातच कामगाराचे कसब असते.

पर्वताचे दृश्य देखणे असले, तरी ते खेळाडूला फसवते. खोऱ्याची जमीन उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जाते. परंतु समोर एवढा मोठा डोंगर उभा असला की डोळ्यांना उताराचा अंदाज नीट येत नाही आणि सपाट वाटलेल्या ग्रीनवर चेंडू भलतीकडे वळतो.

मैदानाला लागूनच 1922 मध्ये बांधलेले रोझ बोल हे अमेरिकन फुटबॉलचे स्टेडियम आहे. मोठ्या सामन्याच्या दिवशी गोल्फ बंद राहतो आणि ज्या फेअरवेवर (ग्रीनपर्यंत जाणाऱ्या गवताच्या पट्ट्यावर) एरवी चेंडू उडतात, तिथे मोटारींच्या रांगा लागतात. गोल्फच्या अनेक चाहत्यांना हे खटकते. आम्हाला मात्र सार्वजनिक जागेचा हाच उपयोग रास्त वाटतो. जानेवारी 2025 मध्ये शेजारच्या अल्टाडीना परिसरात ईटन वणव्याने 9,000 हून अधिक इमारती नष्ट केल्या, तेव्हा स्टेडियमच्या आवारात अग्निशामक दलांचा तळ होता.

मोटारींच्या चाकांखाली माती दबते आणि मुळांपर्यंत पाणी व हवा पोहोचेनाशी होते. अशा जमिनीवर पोकळ दातांचे यंत्र फिरवून मातीच्या लहान गुल्ल्या उपटून काढतात, पडलेल्या छिद्रांत वाळू भरतात आणि भरपूर पाणी देतात. उघड्या पडलेल्या पट्ट्यांवर पुन्हा बी पेरावे लागते. गवताने मूळ धरेपर्यंत तेवढा भाग दोर लावून बंद ठेवला जातो आणि बाकीच्या मैदानावर खेळ चालू राहतो.