वाडा बांधणारे आणि वाडा राखणारे

मंडळी, आपल्या कोल्हापुरात घरी पाहुणे आले की आपला फेरा ठरलेला असतो. आधी अंबाबाई, मग रंकाळा, मग नवा राजवाडा. काळ्या घडीव दगडाच्या त्या कमानी, मधला अष्टकोनी मनोरा, त्यावरचं घड्याळ हे तुम्हाला मी सांगायला नको. आज बोलायचं आहे ते अशा वास्तू कुणी बांधल्या, त्यात कोण राहिलं आणि त्या टिकवल्या कुणी, याबद्दल.

नव्या राजवाड्याचं काम १८७७ मध्ये सुरू झालं आणि १८८४ मध्ये पुरं झालं. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. आपला टाऊन हॉल त्यांचाच, बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेसही त्यांनीच आखला. हे मँट १८८१ मध्येच वारले. गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते. इंग्रजांनी त्यांना वेडे ठरवलं आणि अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. तिथेच २५ डिसेंबर १८८३ रोजी, ऐन विशीत, त्यांचा अंत झाला. इकडे त्यांच्या राज्यात त्यांचा राजवाडा चढत होता आणि राजा परमुलखात कैदेत होता. पुरा झालेला राजवाडा ना आखणाऱ्यानं पाहिला, ना त्या राजानं. मनोऱ्याकडे बघताना मला पहिल्यांदा त्या विशीतल्या पोराची आठवण येते. कोल्हापुरात त्यांचं नाव आजही फार कमी घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

आणि १८७७ हे साल लक्षात घ्या. १८७६-७७ चा दुष्काळ दख्खनभर माणसं आणि गुरं खात होता, त्याच सुमाराला या राजवाड्याचा पाया पडला. संस्थानाची तिजोरी मुख्यतः शेतसाऱ्यावर चालायची, म्हणजे हा दगड कुणाच्या घामावर रचला गेला ते उघड आहे. खाणीतून दगड काढणारे वडार, तो घडवणारे पाथरवट, चुन्याची घाणी चालवणारे बैलवाले, गवंडी, सुतार यांच्यातल्या कुणाचं नाव आपल्या तोंडी आहे? मँटचं नाव मी आत्ता सहज घेतलं. कोपऱ्यावरचा एखादा दगड जवळ जाऊन बघा. दोन दगडांच्या सांध्यात नखही शिरत नाही असे सांधे या शहरात जागोजागी आहेत. तो हात कुणाचा, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

राजवाडा पुरा झाला त्याच वर्षी, १७ मार्च १८८४ रोजी, कागलकर घाटग्यांचा यशवंतराव दत्तक आला. तेच आपले शाहू महाराज. त्यांचा जन्म कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमधला. म्हणजे एका राजवाड्यातून दुसऱ्यात आलेला हा मुलगा. पण मोठेपणी त्यांचा जीव रमला तो सोनतळीच्या माळावर, जनावरांत, पैलवानांत, शिकारी पारध्यांत. १९०१ पासून त्यांनी या शहरात एकामागून एक वसतिगृहं उभी केली, निरनिराळ्या जातींच्या पोरांना डोक्यावर छप्पर दिलं. राजानं घर बांधावं ते कुणासाठी, याचं याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही. ६ मे १९२२ ला ते गेले तेही कोल्हापूरबाहेर, मुंबईच्या पन्हाळा लॉजमध्ये.

शालिनी पॅलेसबद्दल थोडक्यात सांगतो. १९३१ ते १९३४ या काळात रंकाळ्याच्या काठावर काळा दगड आणि इटालियन संगमरवर वापरून तो बांधला, राजकन्या शालिनीराजे यांचं नाव त्याला दिलं. १९८७ मध्ये त्याचं हॉटेल झालं, पुढे तेही बंद पडलं. नव्या राजवाड्याची गोष्ट वेगळी. १९७१ मध्ये संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद झाले, देशभरातले राजवाडे अडचणीत आले, आणि इथे १९७४ मध्ये तळमजल्यावर वस्तुसंग्रहालय सुरू झालं. घराणं आजही तिथेच राहतं. इचलकरंजीच्या राजवाड्यात वस्त्रोद्योगाचं कॉलेज भरतं. जिथे माणसांची ये-जा राहिली ती वास्तू राहिली, असं मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

आता आपल्या पेठांतल्या वाड्यांकडे येतो, कारण माझा खरा जीव तिथे अडकला आहे.

दिंडी दरवाजातून वाकून आत जायचं, ढेलज, म्हणजे दारालगतची देवडी, ओलांडायची, की चौक. चौकाभोवती सोपा, म्हणजे उघडी ओसरी. सोप्याचा खांब खाली बघा कसा उभा असतो. लाकूड थेट जमिनीवर टेकत नाही. खाली घडीव दगडाचा तळखडा असतो, त्यावर खांब. जमिनीची ओल दगडापाशी थांबते, सागवान कोरडं राहतं. खालची भिंत दगडाची, वरची पांढऱ्या मातीची, हात-दीड हात जाड. उन्हाळ्यात आत गारवा. पण या मातीच्या भिंतीचा एकच वैरी, वरून येणारं पाणी. म्हणून मृगाच्या आधी शाकारणी, म्हणजे छपराची डागडुजी, ठरलेली. कौलं परतायची, फुटकी बदलायची, वळचणीचे वासे हातानं चाचपून बघायचे. एक वर्ष चुकलं तर भिंतीत ओल धरते. चार-पाच पावसाळे सलग चुकले तर तुळईचं टोक भिंतीत कुजतं आणि माडी खाली बसते. वाडे पडतात ते असे, हळूहळू. आपल्याला फक्त शेवटचा धडाका ऐकू येतो.

शाकारणी चुकू का लागली? १९४८ च्या कुळकायद्यानं जमीन कसणाऱ्याला मिळाली. ते न्यायाचंच होतं, माझ्या मनात त्याबद्दल किंतु नाही. पण वाड्याची डागडुजी ज्या उत्पन्नातून व्हायची ते आटलं. भाडेकरू ठेवले तर भाडं कायद्यानं गोठलेलं. मग पोरं पुण्या-मुंबईला गेली आणि वाटण्या झाल्या. वाटणीपत्रात खोल्या नावानिशी लिहिलेल्या असतात आणि चौक, जिना, आड यांच्यापुढे ‘सामाईक’ एवढाच शब्द. सामाईक छपरावर चढायचं कुणी? थोरला म्हणतो धाकट्याच्या बाजूला गळतंय, धाकटा म्हणतो मी इथे राहतच नाही. शेवटी बिल्डर येतो, सगळ्यांना एका टेबलाशी बसवतो, आणि नक्षीचे खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात. तिथून ते कुणाच्या तरी फार्महाऊसवर उभे राहतात.

विकत घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. खांब जळणात जाण्यापेक्षा ते बरं. पण इथे बसलेल्यांपैकी ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांना दोन कामं सांगतो. वाटणीपत्र नवं करणार असाल तर छपराचा वर्षाचा खर्च कोण किती देणार, ही ओळ त्यात घालून घ्या. आणि पाडायचंच ठरलं असेल तर आधी आर्किटेक्चरच्या पोरांना आठवडाभर आत येऊ द्या. प्रत्येक खणाचं माप, प्रत्येक सांध्याचा फोटो ते घेतील. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत बसवा. शाकारायला कोण यायचं, त्याचं नाव काय, कुठल्या गल्लीत राहायचा, तेही त्या कागदावर लिहून घ्या.