एकवीस नंबरचा उजेड

(दृश्य: स्टीलच्या वाटीत फोडलेलं अंडं. पिवळा बलक चमच्यानं बाजूला काढला जातो. वाटीत उरतं ते पारदर्शक, चिकट पाणी.)

निवेदन :
न्याहारीचं अंडं. पिवळं बाजूला, पांढरं बाजूला. हा जो पांढरा बलक आहे, त्यातल्या प्रथिनांपैकी साधारण साडेतीन टक्के वाटा एकाच प्रथिनाचा. त्याचं नाव लायसोझाइम. काम पहारेकऱ्याचं : कवचाच्या छिद्रांतून जे जीवाणू आत शिरतात, त्यांची भिंत हे फोडतं. अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९२२ साली याची ओळख करून दिली, तीही अंड्यातून नव्हे, सर्दी झालेल्या नाकाच्या शेंबडातून.

आज आपल्याला या पहारेकऱ्याचा फोटो काढायचाय. कॅमेरा इंदूरला आहे.

(दृश्य: पहाटेचं इंदूर. राजेंद्रनगरच्या गल्लीत मराठी पाट्या, एका दारापुढे सडा. गाडी पुढे जाते. फाटक, झाडी, पलीकडे तलाव.)

निवेदन :
राजेंद्रनगर हा इंदूरच्या मराठी माणसांचा जुना भाग. त्याच्यापुढे होळकरांच्या सुखनिवासाचा परिसर लागतो. १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांनी इथे एका संशोधन केंद्राची कोनशिला बसवली. आज त्याचं नाव राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. अणुऊर्जा विभागाचं, पण इथे अणुभट्टी नाही. इथे उजेड तयार होतो.

(दृश्य: गोलाकार बोगदा. निळ्या-लाल रंगाचे चुंबक, त्यांच्यामधून जाणारी चकचकीत नळी. कॅमेरा नळीबरोबर चालतो.)

निवेदन :
हे दृश्य यंत्र बंद असतानाचं. यंत्र चालू असलं की या बोगद्यात माणूस जात नाही, कॅमेराही नाही.

या कड्याचं नाव इंडस-२. परीघ एकशे साडेबाहत्तर मीटर. नळीच्या आत हवा जवळजवळ नाहीच, आणि त्या पोकळीतून इलेक्ट्रॉन धावतात. धावतात म्हणजे किती? प्रकाशाच्या वेगाच्या इतक्या जवळ, की एका सेकंदात या कड्याला सतरा लाखांहून जास्त फेऱ्या होतात.

इलेक्ट्रॉन इथे एकदम येत नाहीत. आधी मायक्रोट्रॉन नावाचं छोटं यंत्र त्यांना २० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेपर्यंत नेतं. मग बूस्टर ५५० पर्यंत. मग या मोठ्या कड्यात २,५०० पर्यंत. शाळा, कॉलेज, नोकरी. पायरी गाळता येत नाही.

(दृश्य: एका वाकवणाऱ्या चुंबकाजवळ कॅमेरा थांबतो. तिथून सरळ बाहेर निघणारी बारीक नळी भिंतीत शिरते.)

निवेदन :
आता इथे थांबा. असे १६ मोठे चुंबक इलेक्ट्रॉनांना वळवतात. वळवलं नाही तर ते सरळ भिंतीत जातील. आणि वळताना ते उजेड टाकतात. पावसाळ्यात मडगार्ड नसलेल्या सायकलचं चाक चिखल कसं उडवतं आठवा. गोल फिरत नाही तो चिखल, चाकावरून सुटून सरळ मागच्या माणसाच्या सदऱ्यावर जातो. हा उजेड तसाच, वळणावरून सरळ बाहेर.

पहिल्यांदा तो डोळ्यांना दिसला २४ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेत स्केनेक्टडीला, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतल्या एका यंत्रात. त्या यंत्राची नळी पारदर्शक होती म्हणून दिसला. कणांना वेग देणाऱ्या शास्त्रज्ञांच्या लेखी ही गळती होती : मेहनतीनं भरलेली ऊर्जा वळणावळणावर सांडतेय. पुढे बरीच वर्षं मुख्यतः ही गळती कमी कशी करायची याचा हिशेब चालला. मग हॅम्बुर्गमध्ये १९७१ साली तिघांनी ती गळतीच जीवशास्त्रासाठी वापरली. किड्याच्या उडण्याच्या स्नायूवर या उजेडातले क्ष-किरण सोडले आणि प्रयोगशाळेतल्या साध्या क्ष-किरण नळीपेक्षा ते किती प्रखर आहेत हे दाखवून दिलं. १९७६ साली स्टॅनफर्डमध्ये प्रथिनांच्या स्फटिकांची पाळी आली.

इंदूरच्या कड्यातून पहिला उजेड निघाला तो डिसेंबर २००५ मध्ये. त्याआधी इंडस-१ नावाचं धाकटं कडं, १९९९ सालचं, एकोणीस मीटर परिघाचं. ते बांधता बांधता हात बसला. मोठी कंत्राटं देऊन तयार यंत्र आणता आलं असतं, तसं केलं नाही. चुंबक, निर्वात नळ्या, वीजपुरवठ्याच्या पेट्या, यातलं बरंच काही इथल्याच कार्यशाळांत घडलं. या माहितीपटात लेथवर काम करणारी माणसं जरा जास्तच वेळ दिसतील. ती आम्ही मुद्दाम ठेवली आहेत.

(दृश्य: कार्यशाळा. लेथ, तांब्याचे भुगे, मापन करणारे हात. वीस सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य: पुण्याची प्रयोगशाळा. काचेच्या छोट्या चकत्या, २४ खळग्यांची प्लास्टिकची ताटली, पिपेट.)

निवेदन :
आता थोडं मागे, पुण्याला. क्ष-किरण आले म्हणून प्रथिनाचा फोटो निघत नाही. एका रेणूकडून परतणारा इशारा अगदीच क्षीण असतो. म्हणून असे अब्जावधी रेणू एका शिस्तीत, एकाच तोंडानं उभे करायचे. त्याला म्हणायचं स्फटिक.

ही संशोधक विद्यार्थिनी तीन वर्षं एका प्रथिनावर काम करतेय. त्याचं नाव तिनं आम्हाला सांगितलं, पण निबंध छापून येईपर्यंत आम्ही ते सांगणार नाही. सरावाला मात्र तिच्याकडे लायसोझाइम आहे, कोंबडीच्या अंड्यातूनच काढलेली पांढरी पावडर. नव्या बीमलाइनवर, म्हणजे कड्यातला उजेड प्रयोगापर्यंत आणणाऱ्या वाटेवर, सगळे आधी हेच लावून बघतात. गाण्याच्या क्लासात भूप आधी येतो, तसं.

पद्धत बघा. प्रथिनाचं द्रावण आणि मिठाचं आंबट द्रावण, दोन्ही मिळून दोन मायक्रोलीटर. म्हणजे मिलिलीटरचा पाचशेवा भाग. हा थेंब काचेच्या चकतीवर ठेवायचा, चकती उलटी करायची आणि जास्त खारट पाण्याच्या खळग्यावर ग्रीस लावून बसवायची. थेंब खाली लोंबतो. बंद खळग्यात थेंबातलं पाणी हळूहळू उडून खालच्या पाण्याकडे जातं. थेंब घट्ट होत जातो. खडीसाखर अशीच बनते, फक्त तिथे दोरा लागतो, आणि खडीसाखर इतके नखरे करत नाही.

लायसोझाइमचे स्फटिक रात्रभरात येतात. तिच्या खऱ्या प्रथिनाचे यायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांची दृश्यं नाहीत. रिकाम्या थेंबांचे फोटो कोण काढून ठेवतं?

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून. थेंबात काचेसारखे, कोपरे असलेले दाणे. एक सुई आत येते.)

निवेदन :
आलेला स्फटिक प्रथिनाचा की नुसत्या मिठाचा? जुनी युक्ती आहे. एखादा जादाचा दाणा सुईनं दाबायचा. मीठ असेल तर कटकन वाजतं. प्रथिन असेल तर आवाज न करता खचतं, कारण त्यात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. खरवसाच्या वडीत बोट घातल्यासारखं.

बघा. वाजलं नाही.

(दृश्य: नायलॉनचा बारीक फास थेंबात बुडतो, एक दाणा अडकतो. लगेच पांढऱ्या धुराच्या भांड्यात.)

निवेदन :
केसाहून बारीक नायलॉनचा हा फास. त्यात स्फटिक पकडायचा आणि द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा. आधी थोडं ग्लिसरॉल लावायचं, नाहीतर आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि मग फोटोत प्रथिनाऐवजी बर्फाची वर्तुळं येतात. इतकं थंड का करायचं? क्ष-किरण ज्याचा फोटो काढतात त्यालाच मोडतात. उणे १७३ अंशांवर ती मोडतोड मंदावते, थांबत नाही. तेवढ्या वेळात काम उरकायचं.

(दृश्य: इंदूर. लांब हॉल, कड्याभोवती भिंती, भिंतींवर क्रमांक. कॅमेरा एकवीस क्रमांकापाशी येतो. शिशाचं जाड दार.)

निवेदन :
बीमलाइन एकवीस. भाभा अणुसंशोधन केंद्रानं, म्हणजे तुर्भ्याच्या माणसांनी, बांधलेली. प्रथिनांच्या स्फटिकांसाठीच असलेली भारतीय सिंक्रोट्रॉनवरची, म्हणजे अशा उजेडाच्या कड्यावरची, ही पहिली.

त्याआधी काय होतं? स्फटिकांची पेटी परदेशी जायची. भारतानं फ्रान्समध्ये ग्रनोबलला एका बीमलाइनमध्ये भागीदारी घेतली होती, इटलीत त्रिएस्तलाही घेतली. त्या खूप उपयोगी पडल्या, आणि खरं सांगायचं तर ग्रनोबलचं कडं आपल्या कड्याच्या जवळजवळ पाचपट मोठं आहे, उजेडही कितीतरी प्रखर. तिथे जे काम दोन-चार मिनिटांत होतं त्याला इथे जास्त वेळ लागतो. डिटेक्टरही परदेशी बनावटीचा आहे. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण पुण्याची मुलगी रात्री निघते, सकाळी इंदूरला उतरते, आणि एक स्फटिक बिघडला तर पुढच्या खेपेला दुसरा आणते. शिकायचं असेल तर बिघडवायला यंत्र जवळ लागतं. ग्रनोबलला कुणी बिघडवायला जात नाही.

(दृश्य: हचच्या, म्हणजे शिशाच्या दाराच्या खोलीच्या, आत. फास चुंबकी टोकावर बसतो, थंड नायट्रोजनचा झोत. विद्यार्थिनी बाहेर येते, दार लोटते. लाल दिवा.)

निवेदन :
दार बंद झाल्याशिवाय आतलं झाकण उघडत नाही. आत कुणी नाही याची खात्री करणारं बटण आतच असतं, ते दाबून बाहेर यावं लागतं.

चुंबकाच्या वळणावरून निघालेल्या उजेडात सगळ्या रंगांचे किरण असतात. दोन सिलिकॉन स्फटिक त्यातला एकच निवडतात, आरसा तो गोळा करतो. आपल्याला हवी ती तरंगलांबी एका अँगस्ट्रॉमच्या आसपास, मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. अणू-अणूंतलं अंतर तेवढंच असतं, म्हणून.

(दृश्य: पडदा. काळे ठिपके उमटतात. पुढची फ्रेम, थोडे सरकलेले ठिपके. फ्रेम भराभर बदलत जातात.)

निवेदन :
हा तो फोटो.

ठिपके बघून रांगोळी आठवली असेल. पण हे ठिपके जोडायचे नसतात, मोजायचे असतात. स्फटिक एकेक अंश फिरवायचा, दर अंशाला एक फ्रेम. जितका ठिपका मधल्या सावलीपासून लांब, तितका बारीक तपशील त्यात. हे बघा, अगदी कडेपर्यंत आलेत. लायसोझाइम कुणाला निराश करत नाही.

मात्र एक गोष्ट डिटेक्टर पकडू शकत नाही. तबल्याचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि कुणी कागदावर फक्त एवढंच लिहिलं, की कुठला बोल किती जोरात वाजला, पण कुठल्या मात्रेवर ते लिहायचं राहिलं, तर ताल ओळखता येईल? ठिपक्यांचं तसंच आहे. जोर कळतो, मात्रा हरवते. मॅक्स पेरुट्झनं १९३७ साली हिमोग्लोबिन हातात घेतलं, आणि ही हरवलेली मात्रा शोधायची वाट त्याला १९५३ साली सापडली. पाऱ्यासारखा जड अणू स्फटिकात शिरवायचा आणि ठिपके कसे बदलतात ते बघायचं. डोरोथी हॉजकिननं इन्सुलिनला १९३० च्या दशकात सुरुवात केली, उत्तर आलं १९६९ मध्ये. त्या शेवटच्या टप्प्यात तिच्या प्रयोगशाळेत एक भारतीय तरुण होता, एम. विजयन. तो पुढे बंगळुरूला परतला आणि भारतात हे शास्त्र त्यानं रुजवलं. तेव्हा आपल्याकडे कडं नव्हतं. साध्या क्ष-किरण नळीवर लोक काम करत.

(दृश्य: संगणकावर निळी जाळी. जाळीत काड्यांचा सांगाडा बसवला जातो. सांगाडा फिरतो, मधे खोल खाच दिसते.)

निवेदन :
आता मात्रा शोधायला आधीच्या रचनांची मदत होते. निळी जाळी म्हणजे इलेक्ट्रॉनांची दाटी. तिच्यात १२९ अमिनो आम्लांची माळ बसवायची. १९६५ साली लंडनमध्ये डेव्हिड फिलिप्सच्या गटानं ती पहिल्यांदा बसवली. कुठल्याही विकराची, म्हणजे एन्झाइमची, रचना माणसानं बघितली ती हीच पहिली. मधली ही खाच दिसते? जीवाणूच्या भिंतीतली साखरेची साखळी इथे अडकते आणि दोन आम्लांच्या, पस्तिसाव्या आणि बावन्नाव्या, कात्रीत सापडून तुटते. वाटीतल्या त्या चिकट पाण्यात ही खाच होती.

(दृश्य: पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, बाहेरून. पिंपरीचा पेनिसिलिनचा जुना कारखाना, बाहेरून.)

निवेदन :
अशा खाचा कळल्या की औषधं करता येतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं यॉर्क विद्यापीठाबरोबर १९९९ मध्ये पेनिसिलिन तोडणाऱ्या एका विकराची रचना प्रसिद्ध केली. नव्या पेनिसिलिनांचा कच्चा माल असल्या विकरांनी काढता येतो. २०२० मध्ये शांघायहून कोरोनाच्या मुख्य प्रोटिएझची, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या विकराची, रचना फेब्रुवारीतच जगासमोर आली, इंग्लंडच्या डायमंड नावाच्या कड्यावर त्याच्या खाचेत हजाराहून जास्त छोटे रेणू बसवून पाहिले, पुढे त्याच खाचेत बसणारी गोळी आली.

आणि हो, संगणक आता माळेवरून आकार सांगतो, मग हा खटाटोप कशाला, असं विचारणारे भेटतात. तो संगणक शिकला त्या १९७१ साली सात रचनांनी सुरू झालेल्या आणि आज दोन लाखांपुढे गेलेल्या संग्रहावर. त्यातल्या बहुतेक अशाच ठिपक्यांतून आलेल्या.

(दृश्य: हॉलमधला पडदा, हिरवा आकडा खाली घसरतो, शून्य. कुणीतरी खुर्ची मागे सरकवतं.)

निवेदन :
बीम गेला, म्हणजे कड्यात फिरणारे इलेक्ट्रॉन संपले. हे असं होतं. कुठेतरी वीज डळमळली, कुठेतरी एक पंप रुसला. नियंत्रण कक्षात माणसं कामाला लागतात, बीमलाइनवरची माणसं चहाला.

(दृश्य: टपरी. काचेचे ग्लास. विद्यार्थिनी घड्याळ बघते. संवाद नाही.)

(दृश्य: रात्र. हॉल. आकडा पुन्हा वर चढतो.)

निवेदन :
पावणेबाराला बीम आला. लायसोझाइमचा फास तिनं काढून ठेवला. पेटीत अजून सहा आहेत, चौदा महिन्यांचे.

(दृश्य: द्रव नायट्रोजनच्या वाफेतून चिमटा वर येतो. टोकावर फास. हचमध्ये हात. दार लोटलं जातं. लाल दिवा.)

निवेदन :
इथून पुढे पडदा आम्हाला दाखवता येणार नाही.

(दृश्य: पडद्याकडे बघणारा चेहरा, पडद्याचा उजेड त्यावर. निवेदन नाही. काळोख.)