हनोईचे चार चित्रकार आणि उशिरा भरलेली प्रदर्शने

रसिकहो, सिंहावलोकनी प्रदर्शन म्हटले की एखाद्या ज्येष्ठ चित्रकाराची विद्यार्थिदशेपासून अखेरपर्यंतची कामे कालक्रमाने मांडलेली दालने आपल्या डोळ्यांसमोर येतात. व्हिएतनामच्या ज्या पिढीविषयी मी आज बोलणार आहे, तिच्या बाबतीत अशी दालने उभी करणे हेच मुळात अवघड आहे. या चित्रकारांच्या हयातीत त्यांच्या चित्रांना बाजार जवळजवळ नव्हता. चित्रे मित्रांना दिली गेली, कॉफीच्या उधारीपोटी गेली, काही युद्धाच्या धामधुमीत हरवली. म्हणून हनोईतील किंवा इतर कोठल्याही संग्रहालयात या मंडळींचे प्रदर्शन पाहताना केवळ मोठ्या, गाजलेल्या चित्रांपुढे थांबून भागत नाही. त्यांची खरी कारकीर्द कागदाच्या लहान तुकड्यांवर घडलेली आहे आणि प्रदर्शनाची मांडणी त्या तुकड्यांभोवतीच व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

आधी पार्श्वभूमी पाहू. फ्रेंच चित्रकार व्हिक्टर तार्द्यू यांनी व्हिएतनामी चित्रकार नाम सोन यांच्या साथीने हनोईत इंडोचायना कलाविद्यालय उभे केले. ते 1925 मध्ये सुरू झाले आणि मार्च 1945 मध्ये जपानी सैन्याने फ्रेंच सत्ता उलथवल्यावर बंद पडले. म्हणजे अवघी वीस वर्षे; पण आधुनिक व्हिएतनामी चित्रकलेचा पाया या वीस वर्षांत घातला गेला. पहिल्याच तुकडीत ले फो, माई चुंग थू आणि नुयेन फान चान होते. त्यांपैकी ले फो आणि माई चुंग थू पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झाले, तर फान चान मायदेशी राहिले आणि रेशमावर मातकट, तपकिरी रंगांत खेड्यातील बायकामुले रंगवत राहिले. जमिनीवर बसून खडे टाकण्याचा खेळ खेळणाऱ्या मुलींचे त्यांचे 1931 चे चित्र आजही त्या परंपरेचा आरंभबिंदू मानले जाते. 2024-25 मध्ये पॅरिसच्या सेर्नुस्की संग्रहालयाने ले फो, माई चुंग थू आणि वू काव दाम या तिघांचे मोठे प्रदर्शन भरवले, ते या विद्यालयाच्या शताब्दीच्या तोंडावर. पॅरिसला गेलेल्यांना चित्रविक्रेते मिळाले, संग्राहक मिळाले, आणि त्यामुळे त्यांच्या चित्रांच्या नोंदीही राहिल्या. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला यातले फारसे आले नाही.

मागे राहिलेल्यांमध्ये चार नावे हनोईत एका दमात घेतली जातात : नुयेन तू न्गिएम, झुओंग बिक लिएन, नुयेन सांग आणि बुई सुआन फाय. हे चौघेही विद्यालयाच्या अखेरच्या वर्षांतील विद्यार्थी. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने विद्यालयाचा चित्रकला विभाग सोन ताय येथे हलवला गेला, त्या धावपळीच्या काळात ते शिकले, आणि त्यानंतर लगेच फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात ओढले गेले. त्यांचे ज्येष्ठ आणि शिक्षक तो न्गोक वान यांनी लिलीच्या फुलांशेजारी बसलेल्या तरुणीचे 1943 चे प्रसिद्ध चित्र रंगवले आणि पुढे 1950 पासून डोंगराळ मुक्त प्रदेशात प्रतिकारकाळातील कलाशाळा चालवली. फ्रेंचांच्या निर्णायक पराभवात संपलेल्या डिएन बिएन फूच्या मोहिमेनंतर 1954 मध्ये ते बॉम्बहल्ल्यात मृत्युमुखी पडले.

नुयेन सांग यांचे नाव घेतले की लॅकरबद्दल सविस्तर बोलावेच लागते, कारण ते माध्यम समजल्याशिवाय त्यांच्या चित्रांचे मोठेपण कळत नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख आपल्या परिचयाची आहे, पण ती किड्यापासून मिळते. व्हिएतनामी लॅकर हा झाडाचा चीक असतो आणि तो मुख्यतः फू थो प्रांतातून येतो. हे झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले आहे; हा चीक अंगाला लागला तर बिबा उतावा तशी त्वचा उतते, आणि हनोईच्या कित्येक विद्यार्थ्यांनी हे सोसूनच काम शिकले. चीक लोखंडी भांड्यात घोटला तर काळाभोर होतो, लाकडी भांड्यात घोटला तर झुरळाच्या पंखासारखा लालसर तपकिरी राहतो. तो कोरड्या हवेत वाळत नाही, त्याला दमट हवा लागते, म्हणून प्रत्येक थरानंतर फळी ओलसर बंद जागेत ठेवतात. थरांवर थर चढतात, मध्ये सोन्याचा किंवा चांदीचा वर्ख जातो, पांढऱ्यासाठी अंड्याच्या कवचाचे तुकडे बसवतात, कारण या चिकात शुद्ध पांढरा रंग टिकत नाही. शेवटी सगळी फळी पाण्याने घासली जाते. येथे रंग लावून चित्र पुरे होत नाही, घासता घासता आतला रंग किती वर येऊ द्यायचा याच्या निर्णयावर ते पुरे होते. एक क्षण अधिक घासले तर सोन्याचा वर्ख निघून जातो आणि तो परत आणता येत नाही. देवळातील पाट्या आणि पेट्या यांपुरते राहिलेले हे तंत्र विद्यालयातील फ्रेंच शिक्षक जोसेफ अँगिम्बेर्ती, त्यांचे विद्यार्थी आणि स्थानिक कारागीर यांनी मिळून 1930 च्या दशकात चित्रकलेत आणले, आणि नुयेन झा ची यांनी त्याला पहिली खरी उंची दिली.

नुयेन सांग यांनी याच माध्यमात 1963 मध्ये डिएन बिएन फूच्या खंदकात होणाऱ्या सैनिकांच्या कम्युनिस्ट पक्षप्रवेशाचे चित्र केले. विषय सरकारी आहे, हे मान्य. पण चित्रासमोर उभे राहिल्यावर प्रथम जाणवतात त्या जाड, कोरीव वाटणाऱ्या आकृती आणि डोक्याला पट्टी बांधलेला जखमी सैनिक. युद्धचित्रांतला नेहमीचा आवेश येथे नाही. थकलेली माणसे एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. स्वतंत्र व्हिएतनामच्या पहिल्या टपाल तिकिटावरील हो ची मिन्ह यांचे चित्रही याच माणसाचे, आणि तरीही त्यांना एकल प्रदर्शनासाठी 1984 पर्यंत थांबावे लागले. तेव्हा ते साठीच्या घरात होते.

न्गिएम यांचा रस्ता निराळा. त्यांनी गावोगावच्या सामुदायिक सभागृहांतील जुनी लाकडी कोरीव कामे न्याहाळली आणि त्यांतून प्राचीन नृत्ये, राशींचे प्राणी, घोड्यावर स्वार झालेला बालवीर जोंग अशी आपली आकृतिसृष्टी उभी केली. लिएन यांनी थोडेच दाखवले, त्याहून कमी बोलले.

बुई सुआन फाय यांच्यापाशी मात्र मला थांबायचे आहे. 1956 मध्ये हनोईतील काही लेखक-कलावंतांनी कलेच्या स्वातंत्र्याची मागणी करणारी नियतकालिके काढली आणि ती लवकरच दडपली गेली. त्या मंडळींबद्दल सहानुभूती असल्यामुळे फाय यांना पुढच्याच वर्षी कलाशाळेतील शिक्षकाची नोकरी सोडावी लागली. त्यानंतर जवळजवळ अडीच दशके वर्तमानपत्रांतील रेखाटने आणि नाटकमंडळ्यांची कामे यांवर त्यांनी संसार चालवला आणि उरलेल्या वेळात हनोईची जुनी पेठ रंगवली. कॅनव्हास मिळत नसे, म्हणून वर्तमानपत्राचा कागद, सिगारेटच्या पाकिटाचा आतला भाग, काड्यापेटी, जे हाताला लागेल ते वापरले. या गल्ल्यांत सहसा माणसे नसतात. काळ्या जाड रेषांत कललेल्या भिंती, तपकिरी कौले, एखादा विजेचा खांब आणि वर राखाडी आकाश. या लहान कागदांवर तपशिलाला जागाच नाही, म्हणून रेषा अधिकाधिक थोडक्यात बोलू लागते. त्यांच्या शैलीतला हा संक्षेप केवळ आवडीतून आलेला नाही, तो कागदाच्या टंचाईतूनही आला आहे, आणि प्रदर्शनात ही पाकिटे ‘इतर साहित्य’ म्हणून कोपऱ्यातल्या काचपेटीत ठेवली जातात तेव्हा मला ते फार खटकते. ती मुख्य भिंतीवर हवीत.

फाय यांचे हयातीतील एकमेव एकल प्रदर्शन डिसेंबर 1984 मध्ये हनोईत भरले. शंभराहून अधिक चित्रे लागली आणि लोकांनी गर्दी केली. ज्या गल्ल्या लोक तोवर आपापसांत ‘फायच्या गल्ल्या’ म्हणत होते, त्या प्रथमच एकत्र पाहायला मिळाल्या. आर्थिक धोरण खुले होण्यास अजून दोन वर्षे होती. चारच वर्षांनी, 1988 मध्ये, फाय, सांग आणि लिएन हे तिघेही गेले. सांग आणि लिएन तर एकाच डिसेंबर महिन्यात. हो ची मिन्ह पारितोषिक फाय आणि सांग यांना 1996 मध्ये, मरणोत्तर मिळाले. न्गिएम तेवढे 2016 पर्यंत जगले आणि आपल्या पिढीचा गौरव त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

चित्रांच्या या विखुरण्याला एक सुखद बाजूही आहे. हनोईतील लाम कॅफेचे मालक चित्रकारांना उधारीवर कॉफी देत आणि बदल्यात चित्रे घेत. फाय यांची कितीतरी चित्रे अशी भिंतीवर टिकली. पण त्याच विखुरण्यातून आजचा मोठा प्रश्न निर्माण झाला आहे. अमेरिकी बॉम्बहल्ल्यांच्या काळात हनोईच्या संग्रहालयाने मूळ चित्रे सुरक्षित स्थळी हलवून भिंतींवर नकला लावल्या होत्या, आणि काही चित्रांच्या बाबतीत मूळ कोणते हा संशय पुढे कायम राहिला. चित्रकारांनी स्वतःही आपल्या चित्रांच्या प्रती केल्या. किमती चढल्यावर बनावट चित्रांचे पेवच फुटले. 2016 मध्ये हो ची मिन्ह सिटीच्या ललितकला संग्रहालयात युरोपातून परत आलेली म्हणून सतरा चित्रे मांडली गेली. त्यांतील ता ती यांच्या नावाने लावलेले एक चित्र आपणच 1970 च्या दशकात काढले होते, असे चित्रकार थान च्युओंग यांनी पुढे येऊन सांगितले. अखेर संग्रहालयाला सगळा संचच अस्सल नसल्याचे मान्य करून माफी मागावी लागली.

सिगारेटच्या पाकिटावरची चार रेषांची गल्ली नक्कल करायला सर्वांत सोपी, आणि फाय यांच्या कारकिर्दीत सर्वांत महत्त्वाची तीच. म्हणूनच अशा प्रदर्शनात चित्राखालच्या पाटीवर नाव, वर्ष आणि माध्यम यांच्यानंतर चौथी ओळ असायलाच हवी : हे चित्र फाय यांच्या हातून कोणाकडे गेले, आणि तेथून या भिंतीपर्यंत कोणाकोणाकडे राहिले.