माई म्हणजे घेणं, माई म्हणजे विकणं

(सकाळ. शटर वर जातायत. गाळ्यांच्या लांबच लांब रांगा.)

सकाळचे नऊ वाजलेत आणि तुम्ही बघताय ते ईवू. चीनच्या पूर्वेला झेजियांग प्रांत आहे, त्यातलं हे शहर, शांघायपासून साधारण 300 किलोमीटर. इथला हा मुख्य घाऊक बाजार पाच भागांत पसरलाय आणि गाळे आहेत 75,000 च्या आसपास. एका गाळ्यापुढे नुसती तीन मिनिटं थांबायचं म्हटलं, रोज आठ तास फिरलं, तरी सगळा बाजार बघून व्हायला सव्वा वर्ष लागेल. आपल्याकडे दिवाळीला गॅलरीत लावतो ती लाईटची माळ, पोरांचा कंपास, केसांचे चाप, गणपतीच्या मखराला लागणारी प्लास्टिकची फुलं, यातलं कितीतरी इथल्या कुठल्यातरी गाळ्यावरून निघालेलं असतं.

मी इथं काम करतो. मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला. भारतातल्या व्यापाऱ्यांसाठी माल शोधायचा, भाव ठरवायचा, माल तपासायचा आणि कंटेनर भरला की तो निंगबो बंदराला रवाना करायचा, हे माझं काम. लोक विचारतात की चिनी येत नसेल तर तिथं जमतं का. जमतं, कॅल्क्युलेटर असतोच प्रत्येक गाळ्यावर, गाळेवाली आकडा टाकते, तुम्ही खोडून दुसरा टाकता, व्यवहार होतो. पण कॅल्क्युलेटरवर फक्त भाव कळतो. माल कसा येणार, कधी येणार, समोरचा खरं सांगतोय का टाळतोय, हे कळायला भाषाच लागते, आणि हे मला फार महागात पडून कळलंय, म्हणून आज सांगतोय.

(जिनहुआ. कॉलेजचं आवार, सायकली, गरम पाण्याच्या नळापुढे रांग.)

सप्टेंबर 2017 ला मी जिनहुआला आलो, ईवूच्या शेजारचंच शहर, एक वर्ष फक्त भाषा शिकायला. त्याआधी कोल्हापुरात एका होलसेलवाल्याकडे दोन वर्षं नोकरी केलेली, ती पुढे वर्क परमिटला कामाला आली कारण इथं परदेशी माणसाला नोकरी करायची तर साधारणपणे डिग्री आणि दोन वर्षांचा अनुभव दोन्ही मागतात. शिकायला आलेल्या पोरांना एक कळकळीनं सांगतो, स्टुडंट व्हिसावर परवानगीशिवाय काम करू नका, कुणी कितीही म्हणू दे की सगळेच करतात. आणि खोली बदलली की 24 तासांच्या आत पोलीस चौकीत जाऊन नोंद करा. हॉटेलात राहिलात तर हॉटेल करतं, भाड्याच्या खोलीत तुमची तुम्हालाच करावी लागते.

वर्गात येमेनचे, केनियाचे, थायलंडचे, उझबेकिस्तानचे, सगळे व्यापाराच्या ओढीनं आलेले. आपल्या मराठीत आवाज चढवला की प्रश्न होतो, राग होतो, पण शब्द तोच राहतो. इथं सूर बदलला की शब्दच बदलतो. 'माई' म्हणताना आवाज खाली नेऊन परत वर आणला तर घेणं, आणि वरून सरळ खाली टाकला तर विकणं. बाजाराच्या गावात घेणं आणि विकणं यात एवढाच फरक. चार आणि दहा हे आकडेही कानाला जवळजवळ सारखेच, त्यामुळे 14 आणि 40 मधे आमच्या वर्गातल्या प्रत्येकाचा गोंधळ व्हायचा. म्हणून इथली माणसं बोलतानाच हातानं आकडा दाखवतात. हे बघा, अंगठा आणि करंगळी उघडी म्हणजे सहा, अंगठा आणि पहिलं बोट म्हणजे आठ, दोन्ही हातांची पहिली बोटं एकमेकांवर आडवी म्हणजे दहा. आमच्या मॅडम हे करून घ्यायच्या रोज, न कंटाळता, आणि मी आजही भाव बोलताना हात खिशात ठेवत नाही.

(गाळा. छतापासून लोंबणाऱ्या पिवळ्या-केशरी माळा.)

हा बाजाराचा पहिला भाग. खेळणी, दागिने आणि कृत्रिम फुलं इथं मिळतात. बाहेर मार्च महिन्याची थंडी आहे आणि इथं झेंडूची तोरणं लटकलीत, कारण गणपतीचा माल उन्हाळ्याआधी ठरवावा लागतो, मग तो बनणार, बंदरावर जाणार, समुद्रातून न्हावा शेवाला पोचणार, तिथून मग बोहरी आळी नाहीतर क्रॉफर्ड मार्केट.

2019 ला माझी पहिली मोठी ऑर्डर तोरणांचीच होती. सॅम्पल हातात घेतलं, फूल भरगच्च, पाकळी दाबली की परत उभी राहायची. मी सप्लायरला विचारलं, सगळा माल असाच येईल ना? तो म्हणाला, छाबुदुओ. मला वाटलं, सारखाच. मी मान हलवली, 30 टक्के ॲडव्हान्स दिला. माल आला तेव्हा कार्टन उचलल्या उचलल्याच मला कळलं, हलकं होतं. फूल तेवढंच दिसायचं पण आतल्या पाकळ्यांचा एक थर कमी, दाबलं की बसायचं ते बसायचंच. छाबुदुओ म्हणजे सारखं नाही, छाबुदुओ म्हणजे जवळपास, म्हणजे आपलं 'तसंच आहे हो जवळजवळ'. त्यानं मला शब्दानं सांगितलं होतं आणि मला तो शब्द ऐकू आला नाही. पार्टी कोल्हापूरचीच, ओळखीची, तो माणूस मला चकार शब्द बोलला नाही, नुकसान अर्धं त्यानं सोसलं अर्धं मी, आणि त्याच्या न बोलण्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून माझं ठरलेलं आहे, सॅम्पलचे दोन नग घ्यायचे, वजन ग्रॅममधे लिहायचं, दोघांनी सही करायची, पिशवी सील करायची, एक नग त्याच्याकडे, एक माझ्याकडे. आणि कुणी छाबुदुओ म्हणालं की तिथंच थांबून विचारायचं, कुठं फरक आहे ते दाखव. बहुतेक जण दाखवतात, मनापासून दाखवतात. इथल्या लोकांना विचारलेलं आवडतं, हा माझा अनुभव आहे.

ही जी बाई बसलीये ना, हिच्याकडून मी आता तोरणं घेतो. मालकिणीला इथं लाओबान्न्यांग म्हणतात. मुलगा मागं बसून गृहपाठ करतोय, डबा उघडाच आहे, आणि ती पाकळ्या मोजतेय. तोरण दाराला कसं लागतं हे तिला माहीत नव्हतं, ती सरळ माळ बनवायची. मी एकदा गाळ्याच्याच शटरला बांधून दाखवलं, मधे झोळ हवा, दोन्ही टोकाला लोंबतं हवं. तिनं फोटो काढला. पुढच्या वेळी गेलो तर टोकाच्या सरी वेगळ्या जोडलेल्या होत्या, मी न सांगता. निघालो की ती म्हणते मान झोऊ, म्हणजे हळू चाल. आपल्याकडे म्हातारी माणसं 'सावकाश जा रे' म्हणतात ना, अगदी तेच.

(जुने फोटो. खांद्यावर कावड, हातात खुळखुळतं छोटं वाद्य.)

एवढा मोठा बाजार इथंच का झाला, तर इथली जमीन हलकी, धान्य पुरायचं नाही. मग शेतकरी थंडीच्या दिवसांत खांद्यावर कावड घेऊन गावोगाव हिंडायचे, हातातलं डमरूसारखं वाद्य वाजवत, घरातून कोंबडीची पिसं घ्यायचे आणि बदल्यात गूळ द्यायचे. पिसं शेतात खत म्हणून जायची, चांगली असतील तर त्यांचे झाडू व्हायचे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आमच्या गल्लीतली बोहारीण आठवली, जुन्या साड्या घेऊन स्टीलचं पातेलं देणारी, आणि आई तिच्याशी एका डब्यासाठी अर्धा तास घासाघीस करायची. ईवूत असा व्यापार बरीच वर्षं चोरून चालायचा. 1982 ला इथले तेव्हाचे कम्युनिस्ट पक्षाचे सचिव शिए गाओहुआ यांनी जबाबदारी स्वतःवर घेऊन उघड बाजाराला परवानगी दिली, तेव्हा तो रस्त्यावरच्या टपऱ्यांचा होता.

2020 ला जानेवारीत मी चिनी नववर्षाच्या सुट्टीला घरी आलो, दोन आठवड्यांचे कपडे घेऊन, आणि तीन वर्षं परत जाता आलं नाही. मार्चमधे कोरोनामुळे चीनची दारं बंद झाली. जूनमधे भारतात वीचॅटवर, म्हणजे इथल्या व्हॉट्सॲपसारख्या ॲपवर, बंदी आली आणि माझे सगळे सप्लायर, फोटो, हिशोब, सगळं त्याच वीचॅटमधे होतं. ते दिवस फार वाईट गेले. 2023 ला व्हिसे सुरू झाल्यावर परत आलो. अजूनही घरी बोलायचं म्हणजे इकडे व्हॉट्सॲप चालत नाही, तिकडे वीचॅट चालत नाही, मग भारतातलं सिम रोमिंगवर ठेवतो आणि रोज दहा मिनिटं बोलतो. इथं साडेनऊ म्हणजे घरी सात, आईची दिवाबत्ती झालेली असते.

परतल्यावर सगळ्यात आधी त्या लाओबान्न्यांगच्या गाळ्यावर गेलो. मुलगा केवढा उंच झालेला. तिनं ड्रॉवर उघडला आणि आमची सील केलेली पिशवी काढून काउंटरवर ठेवली, सहीची शाई फिकी झालेली, तोरण आतमधे जसंच्या तसं.

(ईथिंग. उसाचे फड, धूर, वाफ.)

आणि हे ईथिंग, ईवूच्या बाजूचं गाव, डिसेंबर. हा ऊस आहे, हे गुऱ्हाळ. आपल्याकडे एक मोठी काहिल असते, इथं एका चुलवाणावर रांगेनं कढया, रस एकीतून दुसरीत पुढे सरकतो आणि शेवटच्या कढईत घट्ट होतो. वास मात्र तोच, डोळे मिटले तर मी पन्हाळ्याच्या रस्त्याला आहे. हे आजोबा इथले गुळव्या. त्यांना मी सांगितलं, माझ्या गावाला पण हेच करतात. त्यांनी विचारलं, असाच? मी म्हटलं, छाबुदुओ. त्यांनी लगेच विचारलं, फरक काय? मग मी काहिल किती मोठी ते हात पसरून दाखवलं, ढेप कशी काढतात ते सांगितलं, काकवीला चिनी शब्द मला येत नव्हता तर कढईतला तो टप्पा बोट करून दाखवला. ते ऐकत राहिले, हातातला झारा तसाच धरून, आणि मग गरम गुळात एक पीळदार तळलेली काडी बुडवून माझ्या हातात दिली.