जेटचं माप

मंडळी, नमस्कार. टेबलावर दोन ताटं मांडली आहेत. डाव्या ताटात डावा कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, उजव्या ताटात उजवा. दोन्ही राजदूत ३५० मोटारसायकलचे. ही गाडी एस्कॉर्ट्सने १९८३ साली यामाहाच्या आरडी ३५०च्या आराखड्यावर आपल्याकडे काढली. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलेंडर आणि प्रत्येक सिलेंडरला स्वतंत्र कार्बोरेटर. गडहिंग्लजकडच्या एका मुलाने ही जोडी आणली आहे. तो इथे पहिल्या रांगेत बसलाय. वडील गेल्यापासून गाडी अकरा वर्षं गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. एका गॅरेजात त्याला सांगितलं, "हे दोन्ही टाकून दे, बाजारात नवा जोड मिळतो." वडिलांच्या हातचं टाकायला त्याचं मन होईना, म्हणून तो माझ्याकडे आला.

त्याने टाकलं नाही हे फार चांगलं झालं. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात उमेदवारी केली, पुढे आयटीआयमध्ये शिकवलं. उभ्या राहिलेल्या गाडीचा कार्बोरेटर खरोखर मेलेला मी क्वचितच पाहिलाय. बहुतेक वेळा त्याची एखादी वाट बुजलेली असते. ती उघडली की तो पुन्हा कामाला लागतो. मात्र उघडताना आपण काय करतो, यावर सगळं ठरतं.

आधी तो बुजतो का ते पाहू. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, हलक्या-जड अशा अनेक हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण असतं. कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, गाडी बंद केल्यावरही थोडं पेट्रोल उरतं. वाटीला हवेसाठी छिद्र असतंच. त्यातून हलका भाग आधी उडून जातो. मागे राहिलेल्या जड भागाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होत राहतो आणि त्याचा डिंक बनतो. आधी चिकट, मग वार्निशसारखा कडक. या वाटीचा वास घ्या. पेट्रोलचा वास राहिलेला नाही, जुन्या रंगाच्या डब्यासारखा येतोय.

त्यात आता इथेनॉल आलं. २०२२च्या मध्यापर्यंत पेट्रोलमध्ये दहा टक्के मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं, २०२३पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. आपण उसाच्या मुलखातली माणसं, इथेनॉलवर आपल्या कितीतरी घरांची चूल पेटते, त्याला नावं ठेवायला मी उभा नाही. पण त्याचा स्वभाव माहीत हवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. तळाशी काय असतं? जेट, म्हणजे बारीक छिद्रातून पेट्रोल मापून सोडणारे पितळी तुकडे. हा पांढरा भुगा दिसतोय ना, चुन्यासारखा? धातूला पाण्याने खाल्लंय. आणि पितळेवर ही हिरवट कळक चढली आहे, घासायची राहून गेलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यावर चढते तशी.

टाकीत जुना गंज आणि जुना डिंक असेल, तर ताजं इथेनॉलमिश्रित पेट्रोल तो सोडवून खाली आणतं. त्यामुळे कार्बोरेटर झकास साफ केला आणि पहिल्याच टाकीत गाडी पुन्हा बसली, असं होतं. म्हणून आधी टाकी, मग कॉक आणि त्याची जाळी, मग पेट्रोलची नळी, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. हा क्रम मोडला की काम दोनदा करावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. हा पायलट जेट. काही जण याला स्लो जेट म्हणतात. मागच्या रांगेपर्यंत दिसणार नाही, फिरवतो, हातात घेऊन उजेडाकडे धरून बघा. याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. गाडी आयडलिंगला असताना आणि अ‍ॅक्सिलरेटर अगदी थोडा उघडलेला असताना इंजिन मुख्यतः या छिद्रावर जगतं. त्याच्यापुढे स्लाइड, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने वर-खाली होऊन हवेची वाट उघडणारा भाग, वर गेली की तिला लावलेल्या सुईचं काम सुरू होतं आणि पाऊण उघडल्यावर मेन जेटचं. सगळ्यात बारीक छिद्र पायलटचं, म्हणून सगळ्यात आधी तेच बुजतं. तुमच्यापैकी अनेकांनी हे लक्षण पाहिलं असेल: चोक ओढला की गाडी चालते, चोक सोडला की बंद पडते. दुसरीकडून हवा ओढत नसेल, तर पायलटची वाट बंद आहे असं समजायला हरकत नाही.

मी सतरा वर्षांचा असताना असाच एक पायलट जेट हातात आला. बाजूला क्लचच्या केबलची तार पडली होती. तिचा एक धागा सोडवला आणि जेटमध्ये घातला. निघाला कचरा, मला फार आनंद झाला. आमच्या मिस्त्रींनी तो जेट डोळ्यासमोर धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "लेका, ह्ये भोक न्हाई. माप हाय. वाण्याचं मापटं ठोकून मोठं केलंस तू." ती गाडी पुढे कधीच नीट आयडलिंगला राहिली नाही. शेवटी जेट बदलावा लागला.

ते वाक्य मी आजवर प्रत्येक तुकडीला सांगत आलो. जेटवर जो आकडा कोरलेला असतो तो त्याच्या मापाचा असतो. कारखान्यात ते छिद्र मोजून पाडलेलं असतं, त्याच्या कडाही ठरलेल्या असतात. पितळ मऊ आहे, पोलादी तार कडक आहे. तारेने डिंक निघतो हे खरं, पण त्याच्याबरोबर पितळही निघतं. मग आकडा एक सांगतो आणि पेट्रोल दुसरंच येतं.

मग काढायचं कसं? भिजवून. जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये रात्रभर पडू द्या. सकाळी हवा मारा. उजेडाकडे धरा. छिद्र पूर्ण गोल आणि लख्ख दिसलं पाहिजे, काठावर सावली नको. नाही निघालं तर पुन्हा भिजवा. अगदीच अडलं तर गळाच्या बारीक तंगुसाचा तुकडा घ्या, नायलॉन पितळेला ओरखडत नाही. आणखी एक चांगला मार्ग आपल्या गावात आहे. गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, दागिने धुवायला अल्ट्रासॉनिक मशीन असतं. कोमट पाणी, थोडं साबणाचं द्रावण, आणि त्यात ध्वनीच्या लहरींनी तयार होणारे सूक्ष्म बुडबुडे. जिथे ब्रश पोहोचत नाही तिथला डिंक ते सोडवतात. सोनार ओळखीचा असेल तर विचारा. मात्र पेट्रोलचा वास असलेली वस्तू त्याच्याकडे नेऊ नका, आधी धुऊन, वाळवून न्या.

मगाशी एका ताईंनी विचारलं की पितळ चिंचेने स्वच्छ निघतं, तर मग हे चिंचेने का नको. सुटे पितळी जेट लिंबाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून लगेच धुतले तर चालतं. पण कार्बोरेटरचं अंग पितळेचं नसतं. ते जस्ताच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं ओतीव असतं, आणि आंबटाने ते खाल्लं जातं. कॉस्टिक सोडा तर अ‍ॅल्युमिनियमला विरघळवतोच. त्याच्या जवळपासही जाऊ नका.

आता उघडायला घेऊ. हे फुलीचे स्क्रू बघा, सगळ्यांच्या फुल्या झिजलेल्या. जपानी आराखड्याच्या गाड्यांमध्ये स्क्रूची फुली जपानी मानकाची असते. आपल्या नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर सरकतं आणि फुली खातं. जपानी मानकाचा स्क्रू ड्रायव्हर मिळतो, तो घ्या. नसेल तर आधी वाटी गरम पाण्याने शेकवा, स्क्रूच्या डोक्यावर हलकी ठोक द्या, मग फिरवा.

उघडण्याआधी फोटो काढा. डाव्याचं उजव्यात मिसळू द्यायचं नाही, म्हणून तर दोन ताटं. स्लाइड आणि तिचं घर वर्षानुवर्षं एकमेकांत घासून बसलेली असतात. स्लाइड अडकली असेल तर ओढू नका, क्लीनर सोडा आणि थांबा. आणि एक विनंती: उभी राहिलेली गाडी कार्बोरेटर न बघता किक मारू नका. स्लाइड वर अडकलेली असेल आणि गाडी सुरू झाली, तर ती थेट पूर्ण वेगाने ओरडत सुटते. सिलेंडरही आतून कोरडे असतात. आधी प्लग काढून दोन्हीत थोडं तेल सोडा.

फवारा मारण्याआधी सगळं रबर बाहेर काढा, ओ-रिंगा, पॅकिंग सगळं. क्लीनरने रबर फुगतं आणि पुन्हा जागेवर बसत नाही. डोळ्यांना चष्मा हवा. एका छिद्रात मारलेला फवारा दुसऱ्या छिद्रातून थेट तोंडावर येतो. हे उघड्या अंगणात करायचं. जवळ देवाचा दिवासुद्धा नको.

पायलट जेट साफ झाला म्हणजे पायलटची वाट साफ झाली असं नाही. इथे बहुतेक जण फसतात. जेटच्या पुढे अंगातच कोरलेली एक वाट आहे. तिला एअर स्क्रूकडून हवा मिळते, आणि ती स्लाइडच्या खाली एक-दोन अगदी बारीक छिद्रांत उघडते. एअर स्क्रू काढा, पण त्याआधी तो पूर्ण आत जायला किती आटे लागतात ते मोजून लिहून ठेवा. मग स्क्रूच्या जागेतून फवारा मारा. स्लाइडखालच्या छिद्रांतून सरळ, बारीक धार आली पाहिजे. दोन कार्बोरेटर असण्याचा फायदा इथे होतो. डाव्याची धार बघा, उजव्याची बघा. एक जोमाची आणि दुसरी लुळी असेल, तर कुठे अडलंय ते कुणाला विचारायची गरज नाही.

चोकची वाट लोक हमखास विसरतात. या कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे झडप नव्हे, थंड इंजिनला जादा पेट्रोल देणारा वेगळा मार्ग आहे. तो वाटीतल्या एका खोलगट विहिरीतून पेट्रोल घेतो. त्या विहिरीच्या तळाशी बारीक छिद्र असतं. वाटी नुसती पुसून लावली तर ते तसंच बुजलेलं राहतं, आणि सकाळी वीस-वीस किका माराव्या लागतात.

वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी सांभाळणारा फ्लोट पितळी असेल तर कानाजवळ हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर त्याला भेग आहे. गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे जिथून येतात ती जागा. फ्लोटची उंची गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने लावा, अंदाजाने नको. ती चुकली की एक तर पेट्रोल ओव्हरफ्लो होतं, नाही तर वाटी पुरेशी भरत नाही.

वाटी भरत नसली किंवा जेट अर्धवट बुजलेला असला तर काय होतं, हे नीट ऐका, कारण या टू-स्ट्रोकमध्ये ते पिस्टनवर येतं. हवा तेवढीच आणि पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण हलकं. हलक्या मिश्रणाने इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि सिलेंडरला धरून बसतो. दोन सिलेंडरच्या गाडीत एक ठणठणीत असतो, त्यामुळे दुसरा उपाशी आहे हे चालवणाऱ्याला उशिरा कळतं. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. नुसत्या पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा हवी, वीस टक्के मिश्रणाला साडेतेरा पटीच्या आसपास. जुन्या जेटचं माप पहिल्या हिशेबाचं आहे. म्हणून मुळात जरा हलक्यावर चालणारी गाडी आता आणखी हलकी होते. साफसफाईनंतर प्लग काढून बघा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर गाडी पळवू नका. इंजिन आणि कार्बोरेटरमधल्या रबरी नळीला भेग नाही ना ते बघा, मग गरज पडली तर एक माप मोठा मेन जेट घाला.

जोडताना स्लाइडचा कापलेला काठ एअर फिल्टरच्या बाजूला. एअर स्क्रू लिहून ठेवलेल्या आट्यांवर, आकडा नसेल तर दीड आट्यापासून सुरुवात करा. तो तळाला टेकला की थांबा, आवळलात तर त्याचं टोक जागेत खड्डा पाडतं. मग दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलतात का बघा. दोन्ही घरांत बोटं घाला आणि अ‍ॅक्सिलरेटर हळूच फिरवा, बोटांना लगेच कळतं. याच केबलची तिसरी शाखा ऑइल पंपाकडे जाते. कार्बोरेटर जुळवले आणि पंपाची खूण जुळवली नाही तर तेल कमी जाईल. जुळवाजुळव तिघांची आहे.

गाडी पुन्हा महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, उदाहरणार्थ सगळा पावसाळा, तर कॉक बंद करा आणि वाटीतलं पेट्रोल तळाच्या स्क्रूने काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे. दर रविवारी किक मारून पाच मिनिटं चालू ठेवायची पद्धत मला पटत नाही. वाटी पुन्हा भरते आणि भरलेलीच राहते. एक-दोन महिन्यांसाठी टाकी ताज्या पेट्रोलने गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. त्याहून जास्त दिवस असतील तर टाकी रिकामी करून आतून तेलाचा हात फिरवा.

आता हा गडहिंग्लजचा मुलगा पुढे येतोय. उजवा मी काल अर्धा उघडून भिजवला होता, डाव्याला अजून कुणी हात लावलेला नाही. ये रे, चष्मा घाल. खिडक्या उघडा कुणीतरी. आधी वाटीचे चार स्क्रू, समोरासमोरचे, थोडे थोडे सैल कर.