सिंह कुठला, पलटण!

[दृश्य: दगडी तट, त्याला लगटून उभे अर्धगोल बुरूज]

लेओन. मेक्सिकोपासून मनिलापर्यंत भेटणारं आडनाव. स्पॅनिशमध्ये 'लेओन' म्हणजे सिंह. पण ज्या गावावरून हे आडनाव अनेकांना चिकटलं, त्या गावाच्या नावात सिंहाचा केसही नाही.

गाव उत्तर स्पेनमधलं. इ.स. 68 मध्ये गाल्बा या रोमन सुभेदाराने रोमन सैन्याची एक नवी तुकडी उभी केली, सातवी लीजन. काही वर्षांतच तिचा तळ इथे पडला. पाचेक हजार शिपाई, शेजारच्या डोंगरांत सोन्याच्या खाणी. एवढी फौज इथे कशाला, हे वेगळं सांगायला नको. छावणीला लोक नुसतं 'लेगिओ' म्हणत. म्हणजे पलटण. आपल्याकडे गावोगावी 'कॅम्प' आहेत ना, तसंच.

[दृश्य: कॅथेड्रलचा दर्शनी भाग]

हे कॅथेड्रल उभं आहे रोमन स्नानगृहांच्या जागेवर. शिपाई गेले, तळ उठला, तट राहिला. आणि नाव राहिलं, पण झिजून. 'लेगिओ'च्या 'लेगिओनेम' या रूपातला 'ग' बोलता बोलता गळाला, शेवटचा 'म' गेला, उरलं लेओन. ही झीज आपल्या कानाला परकी नाही. 'नगर'मधला 'ग' असाच गळून 'नेर' झाला. संगमनेर, पारनेर, अमळनेर त्यातलेच.

गंमत अशी, की सिंहासाठी लॅटिनमध्ये असलेलं 'लेओनेम'ही झिजून लेओनच झालं. दोन शब्द एकाच उंबऱ्यावर येऊन थांबले. मग राजांनी सोयीचा अर्थ उचलला. बाराव्या शतकात, सातव्या अल्फोन्सोच्या काळात, लेओनच्या राज्याचं चिन्ह म्हणून सिंह मिरवू लागला. पलटणीचं चित्र काढायचं तरी कसं, म्हणा!

[दृश्य: स्पेनचा राष्ट्रध्वज, राजचिन्हातला जांभळा सिंह]

आडनावात 'दे' असेल, तर आपल्या 'कर'सारखं गावाकडे बोट जातं. दे लेओन म्हणजे लेओनकर. 1513 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरलेला हुआन पोन्से दे लेओन याच नावाचा. नुसतं 'लेओन' असेल तर मात्र पंचाईत. लेओन हे माणसाचंही नाव आहे, तेव्हा ते गावावरून आलं की आजोबांवरून, कोण सांगणार?

फिलिपिन्समध्ये तर कोडं आणखी वाढतं. 1849 मध्ये तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरने, क्लावेरियाने, फर्मान काढून छापील यादीतून लोकांना आडनावं वाटली. आज तिथे दे लेओन पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या खापरपणजोबांनी ना ते गाव पाहिलं होतं, ना सिंह.