तेर्सानंतरची गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या गोव्यात सांत आगुस्तीनच्या मोडक्या मनोऱ्याजवळ, मोंते सांतोच्या टेकडीवर, संत जॉन ऑफ गॉड यांच्या नावाचा एक मठ आहे. मनोरा बघायला आलेले लोक त्याच्यासमोरून तसेच निघून जातात. या संताची गोष्ट आज सांगावीशी वाटते, कारण तो स्वतः वेड्यांच्या कोठडीत राहून आला होता.

जन्म पोर्तुगालचा, १४९५ चा. मेंढपाळ, मग शिपाई, आणि शेवटी ग्रानादा शहरात पुस्तके विकणारा. एके दिवशी एक प्रवचन ऐकून तो इतका हलला की अंगावरचे कपडे फाडत रस्त्यांतून हिंडू लागला. लोकांनी त्याला राजाच्या इस्पितळात टाकले. वेड घालवायचे म्हणजे माणसाला बांधायचे आणि चाबकाने फोडायचे, अशी तेव्हाची रीत. ती त्याने सोसली. बाहेर पडल्यावर त्याने गोरगरीब आजाऱ्यांसाठी स्वतःचे इस्पितळ उघडले आणि १५५० मध्ये मरेपर्यंत तेच काम केले. त्याच्या पंथाचे धर्मबंधू पुढे गोव्यातही रुग्णसेवेसाठी आले.

आज आपल्या देशात माणसाला साखळीने बांधणे कायद्याने बंद आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे तो म्हणतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे धरून चालायचे, तिला शिक्षा नाही, उलट तिची काळजी घेणे सरकारवर बंधनकारक. विमा कंपन्यांनी मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखेच संरक्षण द्यायचे. कायदा चांगला आहे, मी मनापासून म्हणते. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसले की आजारानुसार शंभरातले सत्तर ते ब्याण्णव रुग्ण उपचाराविना राहतात. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावरून आजारी माणसाला घेऊन बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जायचे, तर घरातल्या दुसऱ्या माणसाचा रोजही बुडतो.

मग लोक आधी जवळच्या दारात जातात. देवाच्या. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, हिंदूही तेल वाहतात, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात तिला. यात मला काहीच वावगे दिसत नाही. वाईट वाटते ते नवस बोलला म्हणून गोळ्या बंद होतात तेव्हा.

आरोग्यसेविका म्हणून मी घरोघर फिरले आहे. एका घरात मुलाला आवाज ऐकू यायचे. गोळ्या लागू पडल्या होत्या. आईने नवेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू केली आणि गोळ्या थांबवल्या, कारण दोन्ही चालू ठेवले तर देवावर अविश्वास दाखवल्यासारखे होईल, असे तिला कोणीतरी सांगितले होते. मुलगा पुन्हा रात्ररात्र जागू लागला. त्या गावच्या पाद्रीबाबांनी तिला रागावले नाही की उपदेश केला नाही. गोळ्यांची पट्टी कुठे ठेवतेस, एवढेच विचारले आणि ती आल्ताराच्या फळीवर, सायबिणीच्या तसबिरीपाशी ठेवायला सांगितली. संध्याकाळचे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपले की गोळी. त्यानंतर त्या घरात गोळी चुकलेली मला आढळली नाही.

पाद्रीबाब काही धर्माबाहेरचे बोलले नव्हते. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे की मानसिक आजारावर उपचार करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे, आणि भूत उतरवण्याच्या विधीआधी हा आजार तर नाही ना, याची खात्री करून घेतली पाहिजे. आत्महत्या केलेल्याच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असेही तोच ग्रंथ सांगतो. ज्या घरांनी असे दुःख पाहिले आहे, त्यांनी हे वाक्य एकदा तरी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, मोठ्याने ऐकायला हवे.

बायबलमध्ये एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला दोष देत नाही. झोपू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. पुढच्या वाटेचे बोलणे त्यानंतर.

हे काम करायला दर गावात मनोविकारतज्ज्ञ लागत नाही, हे गोव्यानेच जगाला दाखवले आहे. संगाथ संस्थेने इथल्या सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवले. नैराश्याच्या रुग्णांना त्याचा फायदा झाला, आणि ते अभ्यास २०१० व २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. असा समुपदेशक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कायमच्या पदावर हवा, ही माझी सरकारकडे मागणी आहे. इगर्जीची खोली, देवळाचा मंडप, शाळेचा वर्ग, जागा कुठलीही चालेल. पगार मात्र सरकारने द्यायचा. प्रार्थनेच्या भरवशावर सरकारला हात झटकता येणार नाहीत.

आज रात्रीच कुणाला बोलायची गरज वाटली, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो. आणि येत्या ग्रामसभेत उठून एवढे विचारा: आपल्या आरोग्य केंद्रात मनाच्या आजाराचे डॉक्टर कोणत्या वारी येतात, आणि त्यांनी लिहिलेल्या गोळ्या तिथेच मिळतात का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

नमस्कार.